नाव कोणाचं छापायचं?

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणानंतर आमच्या घरच्या ग्रुपवर जो वाद पेटला तो अजून धुमसतोय, कुठे नवीन केस आली की परत तेच, आरोपीचं नाव, गाव, फोटो पहिल्याच दिवशी छापा, वचक बसलाच पाहिजे, असं काकामंडळींचं म्हणणं, आणि मी डब्लिनहून काही बोलले की "तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय". त्यांचा राग खरा आहे. एवढ्याशा मुली होत्या त्या, तक्रार नोंदवायला आलेल्या आईबापांना पोलीस स्टेशनात तासन्‌तास ताटकळत ठेवलं, म्हणून तर २० ऑगस्ट २०२४ ला लोक थेट रुळांवर उतरले.

दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, इकडे आयरिश पत्रकार नेल मॅकॅफर्टी वारली, वय ८०. ग्रुपवर मला जे धड मांडता येत नाही ते या बाईने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय, म्हणून तिच्याबद्दल लिहितेय.

उत्तर आयर्लंडमधल्या (म्हणजे ब्रिटनकडे असलेल्या भागातल्या) डेरी शहरातल्या बॉगसाइडची ती, गरीब कॅथलिक वस्ती. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतून बीए, थोडे दिवस शिक्षिका, आणि १९७० मध्ये डब्लिनच्या आयरिश टाइम्स या पेपरात नोकरी. तिथे ती डब्लिनच्या खालच्या कोर्टात जाऊन बसायला लागली, जिथे पोटापाण्यासाठी केलेल्या चोऱ्यामाऱ्या, दारू पिऊन केलेली भांडणं, असल्या केसेस पटापट निकाली निघायच्या. 'इन द आइज ऑफ द लॉ' हे तिचं सदर, आणि त्यात आरोपीचं नाव ती लिहायची नाही, जजचं मात्र लिहायची. जज काय बोलला, समोरच्या पोराने किंवा बाईने काय उत्तर दिलं, हे नाटकातल्या संवादासारखं मांडायची, स्वतः भाष्य फार कमी. विचार करा ना, किरकोळ चोरी करणाऱ्याचं नाव पेपरात आलं की त्याची नोकरी गेली, गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही, आणि ज्याने दोन मिनिटांत त्याला आत पाठवलं त्याला कोणी विचारणारच नाही. नेलने ते उलटं केलं.

बाकी करिअर म्हणाल तर एका माणसाचं वाटणार नाही इतकं आहे. त्या काळी आयर्लंडमध्ये गर्भनिरोधकं विकायला आणि बाहेरून आणायला १९३५ च्या कायद्याने बंदी होती, तर २२ मे १९७१ ला ही आणि तिच्या मैत्रिणी ट्रेनने बेलफास्टला, जिथे ही बंदी नव्हती, जाऊन ती घेऊन आल्या. गोळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळेनात तेव्हा नेलने अ‍ॅस्पिरिनची पाकिटं घेतली, कस्टमवाल्यांना फरक थोडाच कळणार होता! १९७२ च्या ब्लडी संडेला, म्हणजे ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या त्या दिवशी, ती डेरीत हजर होती, पुढे त्या दिवशी गोळी लागलेल्या, चौदा मुलांच्या आईवर तिने पुस्तक लिहिलं. १९९० चा फुटबॉल वर्ल्ड कपही कव्हर केला. १९८७ मध्ये तिने आयआरएला, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेला, पाठिंबा असल्याचं जाहीर बोलून टाकलं आणि आरटीई या इथल्या सरकारी टीव्ही-रेडिओने तिला काही काळ कार्यक्रमांतून बंद केलं. तो पाठिंबा मला अजिबात पटत नाही, बॉम्बने माणसं मारणाऱ्यांची बाजू कशी काय घेणार.

पण १९८४-८५ चं केरी बेबीज प्रकरण वाचा. केरी परगण्यात समुद्रकिनाऱ्यावर एका बाळाचं प्रेत सापडलं, पोलिसांनी भलत्याच बाईला पकडलं, तिने आणि तिच्या घरच्यांनी कबुलीजबाब दिले, ब्लड ग्रुप जुळेना तरी पोलीस हटेनात. मग १९८५ मध्ये चौकशी आयोग बसला तो पोलिसांच्या वागण्यावर, आणि उलटतपासणी झाली त्या बाईच्या खाजगी आयुष्याची. नेल तिथे बसून लिहीत होती, त्याच वर्षी पुस्तकही काढलं, 'अ वुमन टू ब्लेम'. डीएनए टेस्ट होऊन पोलिसांनी त्या बाईची माफी मागितली ती २०१८ ला, म्हणजे तेहतीस वर्षांनी. तिचं नाव इथे सगळ्यांना माहीत आहे, मी नाही लिहीत.

आता काकांचा मुद्दा, की नावं लपवली तर न्याय कसा मिळणार. नावं लपवा असं मी म्हणतच नाही. बेळगावची सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॅलवेच्या हॉस्पिटलमध्ये वारली, गर्भपात नाकारल्यानंतर, तेव्हा आयरिश टाइम्सने तिचं नाव आणि फोटो छापला, तिचा नवरा स्वतः पुढे येऊन बोलला होता, आणि त्या नावाने हा देश हलला, २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी घटनेतली गर्भपातावरची बंदी काढून टाकली. अन्याय कोणी केला ते दाखवायला नाव छापणं वेगळं, आणि गर्दीच्या हातात कोणाला तरी द्यायला छापणं वेगळं.

हे दुसरं काय असतं ते आम्ही इथे जुलै २०२५ ला पाहिलं. डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला टोळक्याने मारहाण केली, कपडे काढले, आणि ऑनलाइन त्याच्यावरच घाणेरडे आरोप फिरवले, पोलिसांनी सांगितलं की त्यात काही तथ्य नाही. त्यानंतर इथले कितीतरी भारतीय संध्याकाळी एकटं बाहेर पडायला कचरत होते, मीपण. बलात्काराच्या केसमध्ये इथे दोषी ठरेपर्यंत आरोपीचंही नाव छापता येत नाही, काकांना ते लाड वाटतात, मला त्या दिवसांनंतर अजिबात वाटत नाहीत.

बदलापूरच्या आरोपीचं नाव अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, पुढच्याच महिन्यात तो पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, 'बदला पुरा'चे बॅनरही लागले. त्याच्यावरचा खटला कोर्टात चाललाच नाही. पण त्या आईबापांना ताटकळत ठेवणारे कोण होते, त्यांचं पुढे काय झालं, हे ग्रुपवर विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. पेपरवाल्यांना माझी मनापासून विनंती आहे, "पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार" वर बातमी उरकण्यापेक्षा एखादा चांगला लिहिणारा रिपोर्टर वर्षभर कुर्ल्याच्या नाहीतर उल्हासनगरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात बसवा, कोणाला जामीन मिळाला आणि कोण पाच हजार भरता येत नाहीत म्हणून आत राहिला ते लिहू द्या, नाव मॅजिस्ट्रेटचं टाका. काकांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी भरीन.