कुकरमधल्या डाळीत म्हणे तेराच टक्के उरतं!

‘मातीच्या भांड्यात 100 टक्के पोषक तत्त्वं राहतात, काशाच्या 97, पितळेच्या 93 आणि कुकरमध्ये फक्त 13. कुकरमधलं अन्न म्हणजे विष, आजच फेकून द्या.’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. आता तो आमच्या भाचीकडे पोचला. दोघं नवरा-बायको नोकरीला, पोर चार वर्षांचं, आणि कुकर माळ्यावर. संध्याकाळी साडेसातला घरी येऊन ती मातीच्या हंडीत तूरडाळ चढवते आणि नऊ वाजले की कंटाळून बाहेरून जेवण मागवते. विष टाळलं म्हणायचं!

आधी ते 13 टक्के. टक्के, पण कशाचे? प्रथिनांचे, लोहाचे की जीवनसत्त्वांचे? मेसेज गप्प. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते काढून बघा, 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तेरा टक्के म्हणजे तीन ग्रॅमही नाहीत. मग बाकीची एकोणीस ग्रॅम गेली कुठे? शिट्टीतून वाफ जाते, प्रथिनं जात नाहीत. लोह, कॅल्शियम ही तर मूलद्रव्यं, कुकरमधल्या 120 अंशांना त्यांना काही होत नाही. ती जातात शिजवलेलं पाणी ओतून दिलं तर, आणि डाळीचं पाणी आपण ओतत नाही, त्याचंच वरण करतो. उष्णतेने कमी होतात ती ब 1 आणि फोलेटसारखी काही जीवनसत्त्वं. ती उघड्या पातेल्यातही कमी होतात, आणि तिथे डाळ तासभर उकळत असते. म्हणजे ही जीवनसत्त्वं हंडीतही शंभर टक्के टिकत नाहीत. उलट नीट शिजलेल्या डाळीतले पचनाला अडवणारे घटक निकामी होतात, म्हणून ती अर्धकच्च्या डाळीपेक्षा अंगी लागते.

‘शिजताना सूर्यप्रकाश आणि वारा लागला नाही तर अन्नाचं विष होतं, असं वाग्भटांनी सांगितलंय.’ वाग्भट म्हणजे प्राचीन काळचे आयुर्वेदाचार्य. त्यांचं असं ऐकायचं तर उकडीचे मोदक, अळूवड्या, ढोकळा सगळंच बाद. रायगडातली पोपटी, म्हणजे भाजलेल्या वालाच्या शेंगा, तर मातीच्याच मडक्यात होते, तीही भांबुर्डीच्या पाल्याने तोंड बंद करून. आणि कुकरचा पूर्वज फ्रान्सच्या डेनिस पापँने 1679 मध्ये बनवला. वाग्भटांनी त्याविरुद्ध काही सांगायला तो त्यांच्या काळात असायला तरी हवा होता!

इथपर्यंत नुसता वेळ वाया जातो. पण भाचीकडे आलेल्या मेसेजमध्ये पुढे लिहिलंय, ‘राजमा, छोले मातीच्या भांड्यात अगदी मंद आचेवर, उकळी न येऊ देता शिजवा, तरच सत्त्व टिकतं.’ राजम्याच्या बाबतीत हा सल्ला सरळसरळ धोक्याचा आहे. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं अन्नविषबाधेवरचं हस्तपुस्तक सांगतं की चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. त्यात असंही नमूद आहे की 80 अंशांपर्यंतच तापवलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतो. म्हणजे मेसेजमध्ये सांगितलेली पद्धत नेमकी सगळ्यात वाईट. दाणा वरून मऊ लागतो, म्हणून आपण तो बिनधास्त पोराच्या ताटात वाढतो.

राजमा असा करा. रात्री भरपूर पाण्यात भिजवा, निदान आठ तास. भिजवलेलं पाणी ओतून द्या. ताजं पाणी राजम्याच्या वर दोन बोटं येईल इतकं घाला, कुकर निम्म्याच्या वर भरू नका. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. दाणा दोन बोटांत दाबल्यावर मधे पांढरा कच्चा ठिपका राहिला असेल तर पुन्हा लावा. कुकर नकोच असेल तर त्याच हस्तपुस्तकाप्रमाणे भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात निदान तीस मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. हंडी असली तरी उकळी हवी. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, तिथे वेळ आणखी वाढवा.

पितळेला 93 टक्के देणाऱ्याने कल्हईचा उल्लेखही केलेला नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, आणि कळकलेलं खाऊन ओकाऱ्या होतात हे आपल्या आज्यांना पाठ होतं. कल्हईवाला आता शोधून सापडत नाही, तेव्हा त्या पातेल्यात आंबट काही करायला जाऊ नका.

अ‍ॅल्युमिनियमबद्दलची भीती मात्र थोडी मान्य करावी लागेल, बरेच कुकर त्याचेच असतात. चिंच, आमसूल, टोमॅटो अ‍ॅल्युमिनियममध्ये थेट शिजवले की धातू थोडा जास्त उतरतो, आणि रात्रभर त्यातच ठेवले तर आणखी. म्हणून सांबार, टोमॅटोचं सार स्टीलच्या भांड्यात करा. पण आपल्याकडे रोजचा कुकर लावतात तो डबे घालून. डाळ-भात स्टीलच्या डब्यात असतो, अ‍ॅल्युमिनियमला लागतं ते फक्त तळाचं पाणी. कुकर काळा पडू नये म्हणून त्या पाण्यात लिंबाची साल टाकत असाल तर ते पाणी आमटीत वापरू नका, झालं.

‘डाळीवरचा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड, कुकरमध्ये तो काढता येत नाही.’ फेसात प्रथिनं, स्टार्च आणि सॅपोनिन नावाचे फेस आणणारे घटक असतात. युरिक अ‍ॅसिड शरीरात प्युरिन नावाच्या घटकापासून तयार होतं, ते डावाने काढून टाकता येत नाही. फेसाचा खरा त्रास वेगळाच, तो शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो. म्हणून एक वाटी तूरडाळ दोन-तीनदा धुवा, अर्धा तास भिजवा, अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल घाला, डब्यावर ताटली ठेवा. तळाशी जाळी आणि दीड-दोन पेले पाणी, वरच्या डब्यात भात. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर दहा-बारा मिनिटं. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी, घड्याळ बघा. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच, आधी घातलं तर दाणा टणक राहतो. बोअरच्या जड पाण्यातही तसंच होतं, मग शिजवायला पिण्याचं पाणी घ्या.

‘फ्रिजमधली कणीक म्हणजे पिंड, भुतं जमतात.’ यावर काय बोलणार! कणीक वरून काळपट पडते ती हवेमुळे. तेलाचा हात लावून घट्ट डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. नागपुरात मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली कणीक आंबते, तेव्हा कुठलंच भूत आडवं येत नाही.

कुकरची भीती बाळगायचीच असेल तर याची बाळगा. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का बघा. रबरी रिंग कडक झाली किंवा चिरली की लगेच बदला. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानातला दहा रुपयांचा नको. नवा कुकर घेताना आयएस 2347 हा कुकरच्या मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण बघा, केंद्र सरकारच्या 2020 च्या आदेशानंतर ती सक्तीची आहे. आणि आत दाब असताना झाकण ओढू नका, शिट्टी उचलून ‘फुस्स’ झालं नाही की मगच उघडा.