‘सगळे पक्के दात येऊ द्या’ या आक्षेपाला उत्तर

माझ्या लेखावर तासगावहून आपण लिहिले आहे की, आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडावर फेसमास्क (वरचा जबडा पुढे ओढण्यासाठी चेहऱ्यावर लावायचे उपकरण) चढवणे हा छळ आहे, सगळे पक्के दात आल्यावर बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावल्या तरी तेच काम होते आणि त्याआधीचे उपचार म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा आहे.

वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे असलेल्या मुलांबाबत थांबण्याचा आपला सल्ला बहुतेक वेळा योग्यच आहे. खालचा जबडा पुढे आणणारी ट्विन ब्लॉकसारखी उपकरणे उंची झपाट्याने वाढण्याच्या वयातच अधिक उपयोगी पडतात. माझा लेख मात्र नेमक्या उलट दोषाविषयी होता. तोंड मिटल्यावर ज्यांचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, अशा पुष्कळ मुलांचा वरचा जबडाच मागे राहिलेला असतो. तारांनी दात सरकतात, जबडा नव्हे. कपाळ आणि हनुवटीचा आधार घेऊन रबरांच्या साहाय्याने वरचा जबडा पुढे ओढणाऱ्या फेसमास्कचा उपयोग होतो तो या जबड्याभोवतीचे हाडांचे सांधे लहान वयात पुरते घट्ट झालेले नसतात म्हणून. दहाव्या वर्षानंतर हा लाभ कमी होत जातो.

ब्रिटनमध्ये 7 ते 9 वर्षांच्या 73 मुलांवर झालेल्या चाचणीचा सहा वर्षांनंतरचा अहवाल 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. फेसमास्क वापरलेल्यांपैकी 36 टक्के मुलांना, तर न वापरलेल्यांपैकी 66 टक्के मुलांना पुढे जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज भासेल, असे तज्ज्ञांनी ठरवले. खालचा जबडा सतरा-अठरा वर्षांपर्यंत, मुलग्यांमध्ये कधी त्यानंतरही, वाढत राहतो. त्यामुळे हमी कोणीच देऊ नये, आणि जो देतो त्याच्याविषयी आपला संशय रास्त आहे.

छळाविषयी एवढेच सांगतो की, मास्क शाळेत घालून जायचा नसतो. संध्याकाळ आणि रात्र मिळून बारा-चौदा तास तो लागतो, तोही साधारण वर्षभराच्या आत. सांगलीच्या एप्रिलमध्ये हनुवटीखाली घाम येऊन कातडी लाल होते, हे मात्र खरे आहे.

खर्चाची शंका असेल तर सांगलीतल्या दंत महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. घरात वडिलांची किंवा आजोबांची हनुवटी पुढे असल्यास ते आवर्जून सांगावे. काही मुलांत एखादा दात आड येत असल्याने जबडा पुढे सरकवूनच तोंड मिटले जाते. तिथे तोंडात बसवायच्या छोट्या प्लेटवर भागते आणि मास्कची गरजही पडत नाही. आपल्या मुलाचे वय आपण कळवलेले नाही. ते नऊच्या आत असेल, तर उपचार करा वा न करा, तपासणी मात्र याच सुट्टीत करून घ्या.