गच्ची, नाना आणि पृथ्वीचा उतार

पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि माझे हाल सुरू झाले. मिस्त्रीने उतार बघायला लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावली. दोन्ही टोकांना पाणी सारखं उभं राहिलेलं पाहून दुसऱ्या मजल्यावरच्या नानांना साक्षात्कार झाला. "बघ, पाणी कधी वाकतं का? मग समुद्र कसा वाकेल? पृथ्वी सपाटच आहे!"

मी हसलो. तिथेच चुकलं.

आता रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर नाना मला गाठतात. तलावाच्या पलीकडच्या काठावरचा बाकडा दाखवून विचारतात, "पूर्ण दिसतोय ना? पाय झाकलेत का त्याचे?" आता हे अंतर अर्धा किलोमीटर धरलं, तरी तेवढ्यात पृथ्वी वाकते जेमतेम दोन सेंटीमीटर. तेवढं तर आमच्या मिस्त्रीचं प्लास्टरही वाकतं. पण हे सांगायला लागलो, की नाना म्हणतात, "म्हणजे दिसत नाही, हे तू कबूल करतोस."

दूर जाणाऱ्या जहाजाचं बूड आधी दिसेनासं होतं, हा शाळेतला पुरावा काढला. "तू पाहिलंस?" नानांनी विचारलं. खरं सांगायचं तर नाही. गेटवेवरून मांडव्याला मी एकदाच गेलो आणि सगळा वेळ सीगलपासून वेफर्स वाचवण्यात गेला. पृथ्वी गोल असल्याबद्दल माझी माहिती ऐकीवच, हे त्या दिवशी कळलं आणि राग मात्र नानांचा आला.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाचा दाखला दिला. चंद्रावर सावली गोल पडते. "थाळीचीही गोलच पडते," नाना म्हणाले आणि चहाला वळले. थाळी आडवी धरली तर सावलीची रेघ होते, पृथ्वीची कधीच होत नाही, हे बिनतोड उत्तर मला सुचलं, पण अंघोळ करताना. साबण डोळ्यांत असताना ते कुणाला सांगणार?

शेवटी पैजच लावावी म्हटलं. बरं झालं, आधी वॉलेसची गोष्ट वाचली. हा आल्फ्रेड रसेल वॉलेस म्हणजे डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा. १८७० मध्ये त्याने जॉन हॅम्पडेन नावाच्या सपाटवाल्याशी ५०० पौंडांची पैज घेतली. इंग्लंडमधल्या एका सरळसोट कालव्यावर, सहा मैलांत, सारख्या उंचीवर खुणा लावल्या. दुर्बिणीतून मधली खूण वर आलेली दिसली. वॉलेस जिंकला. मग हॅम्पडेनने कित्येक वर्षं त्याला छळलं, कोर्टकचेऱ्या केल्या, थेट त्याच्या बायकोला पत्र लिहून नवऱ्याची हाडं मोडण्याच्या धमक्या दिल्या. बदनामीबद्दल तुरुंगातही जाऊन आला, पण पृथ्वी काही गोल होऊ दिली नाही. पैजेत जिंकलेले पैसेही अखेर वॉलेसलाच हॅम्पडेनला परत द्यावे लागले.

ही गोष्ट मी बायकोला सांगितली. ती म्हणाली, "नाना मला पण व्हिडिओ पाठवतात. रोज तीन."

मग मला भास्कराचार्य आठवले. नानांची सासुरवाडी चाळीसगावची आणि भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख तिथल्याच पाटणचा. म्हटलं, जावईबापू सासरचं तरी ऐकतील. सांगितलं, "नाना, ११५० मध्येच 'सिद्धान्तशिरोमणी'त लिहून ठेवलंय. परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून सगळी सपाट दिसते."

नाना थांबले. पहिल्यांदाच विचारात पडले. "परीघ किती म्हणालास?"

"चाळीस हजार किलोमीटर."

"म्हणजे शंभरावा भाग चारशे." नानांचा चेहरा उजळला. "ठाण्यापासून चाळीसगावापर्यंत सगळं सपाट! वर शंभर किलोमीटर शिल्लक! अरे, मी वेगळं काय म्हणत होतो?"

"मग मध्ये कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं कशाला जोडतात?"

"तो घाट आहे," नाना चहावाल्याला दोन बोटं दाखवत म्हणाले. "घाट वेगळा, पृथ्वी वेगळी."