विकासदर आणि फुकटच्या कोंबड्या

विषय काढला संचालकानं. नेहमीसारखाच. खरं तर तो कशाचाही संचालक नाही. शेतकरी कंपनीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून आला, तेव्हापासून आम्ही त्याला तसं म्हणतो आणि त्याला ते आवडतं. कुठल्याशा कार्यक्रमात पाहुणा म्हणे "कोरोनात शेतीनं देश तारला" असं बोलून गेला. ते वाक्य यानं उचललं आणि संध्याकाळी आमच्या चौकात आणून ओतलं.

"तारला की नाही? २०२० च्या एप्रिल ते जूनमध्ये सगळी अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी खाली, अन् शेती ३.४ टक्क्यांनी वर! आकडा आहे नाना, आकडा!"

नानाचं तंबाखू मळणं थांबलं नाही. "माझ्या दोन एकरांनी त्यातला किती तारला तेवढं सांग. पावती मागायला जाईन म्हणतो."

सर निवृत्त झाल्यापासून कमी बोलतात. ते म्हणाले, "तो दर स्थिर किमतींवर काढतात रे. माल किती पिकला ते त्यात कळतं. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, ते नाही."

"म्हणजे द्राक्षं पिकली ती विकासात धरली," नाना म्हणाला, "अन् बांधावर ओतली ती कुणाच्या खात्यात?"

आमच्या निफाडकडं मार्च म्हणजे द्राक्षाचा ऐन हंगाम. २२ तारखेला थाळ्या वाजवल्या, २५ ला पाडवा आणि लॉकडाऊन एकाच सकाळी उजाडले. पाडव्याचा झेंडू शेतातच राहिला. सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या टोळ्या चालत घरी निघाल्या, व्यापाऱ्यांचे फोन बंद. शहरातल्या माणसाला वाटतं, भाव नाही तर राहू द्यावीत वेलीवर. तसं चालत नाही. एप्रिलात खरड छाटणी धरायची तर बाग खाली करावीच लागते, नाहीतर पुढच्या वर्षी घड धरणारी काडी गेली. म्हणजे फेकायलाही मजुरी मोजायची, आणि मजूर तर गेलेले. माझं खतं-औषधांचं दुकान आहे, त्यामुळं हे सगळं मला वहीत दिसतं. त्या वर्षी जमेची बाजू कोरीच राहिली. नानाचं पान अजून मिटलेलं नाही, म्हणून मी त्याची बाजू घेतो असं संचालक म्हणतो. घेतो मी.

"बेदाणा करायचा होतास," संचालक म्हणाला.

"केला की! तासगावसारखी शेडं आहेत का आपल्याकडं? गच्चीवर साड्या अंथरून केला. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा, त्यातला निम्मा काळा. तुझी वहिनी अजून त्या साड्यांचे डाग दाखवते."

"यावर उपाय एकच. मधला माणूस काढा! मी नाही पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या?"

"किती पेट्या?"

"प्रश्न पेट्यांचा नाही, मॉडेलचा आहे."

"छत्तीस," बब्या म्हणाला. पिकअप त्याचीच होती. "पास माझ्या गाडीला, काठी माझ्या पायाला, अन् मॉडेल याचं. येताना तर रिकामी गाडी म्हणून परत अडवली. रिकामी गाडी जीवनावश्यक नसते म्हणे."

"अन् गेटवर टाळ्या वाजवून पेट्या घेणाऱ्या त्या सोसायटीनं दुसऱ्या वर्षी तुझा फोन उचलला का?" नानानं विचारलं. संचालक चहात पडलेली माशी शोधू लागला. माशी नव्हती.

"अन् मधल्या माणसाचं म्हणशील, तर मधला माणूस पळाला म्हणून माझा माल सडला. आधीचे चाळीस क्विंटल उचलले अन् म्हणाला, पैसे शनिवारी. तो शनिवार अजून यायचाय. कुणाच्या साडूनं आणला होता रे तो?"

साडू कुणाचा, हे चौकात सगळ्यांना ठाऊक. दर दोन महिन्यांनी हा विषय इथंच येऊन थांबतो.

संचालकानं रेल्वे पकडली. "किसान रेल! ७ ऑगस्ट २०२०, देशातली पहिली, आपल्या देवळालीहून दानापूरला!"

"डाळिंबवाल्यांचं भलं झालं, नाही म्हणत नाही. पण माझी द्राक्षं एप्रिलात गेली अन् गाडी आली ऑगस्टात. कांद्याचं तर बोलूच नको. निर्यात उघडली १५ मार्चला, दहा दिवसांत देशच बंद. चाळीत सडून उरला त्याला जरा भाव यायला लागला, तर १४ सप्टेंबरला पुन्हा निर्यातबंदी. तेव्हा कोरोना नव्हता आडवा आला, दिल्ली आली."

"तू राजकारण आणतोस नाना."

"मी कांदा आणला होता. राजकारण लासलगावात आधीच येऊन बसलं होतं."

बब्याला त्याचं दुःख आठवलं. त्याची दोन हजार पक्ष्यांची पोल्ट्री लॉकडाऊनच्या आधीच झोपली. चिकननं कोरोना होतो, असं मोबाईलवर फिरलं आणि गिऱ्हाईक संपलं. खाद्य रोज लागतच होतं. पक्षी जगवण्यापेक्षा वाटणं स्वस्त पडलं. शेवटी हायवेला गाडी लावून त्यानं फुकट वाटले.

"फुकट म्हटल्यावर कुणाला कोरोनाची भीती राहिली नाही," बब्या म्हणाला. "माळकरीसुद्धा आले."

सगळ्यांच्या नजरा संचालकाच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं.

"त्या शेजाऱ्याला होत्या!"

"तीन? रात्री नऊला? तोंडाला उपरणं गुंडाळून?"

"मास्क होता तो!"

"फेब्रुवारीत?"

चहावाला किटली खाली ठेवून हसायला लागला. नानानं इतका वेळ मळलेली तंबाखू हातातच राहिली. "मग बरोबर आहे गड्या याचं. थेट शेतकरी ते ग्राहक, मधला माणूस नाही. मॉडेल चाललं होतं की!"

सर उठले, चपला शोधता शोधता म्हणाले, "दोन आमच्याकडंही आल्या होत्या. रस्सा बरा झाला होता."