दहापैकी नऊ मिळाले आणि नोंदी गेल्या

काल रात्री धाकट्या भावाने एक मेसेज पुढे ढकलला: 'एआय एजंटसाठी टूलचं वर्णन: चार सोनेरी नियम.' खाली त्याची पुस्ती, "दादा, तू उगाच टेस्ट चालवत बसतोस. हे मिनिटभराचं काम आहे." हाच मेसेज आठवडाभर कामाच्या ग्रुपवर फिरत होता, तेव्हा मी सोडून दिला. आता तो घरात शिरलाय.

एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणारं एआय मॉडेल. टूल म्हणजे त्याला वापरायला दिलेला छोटा प्रोग्राम, आणि ते टूल काय करतं हे मॉडेलला सांगणारा मजकूर म्हणजे वर्णन. नियम असे. वर्णन जितकं लांब तितकं चांगलं. ते दुसऱ्या मॉडेलला दाखवून दहापैकी गुण घ्या; नऊ मिळाले की टूल तयार. 'सर्वांत आधी हेच टूल वापरा' असं ठासून लिहा. आणि नवी मॉडेल्स एवढी हुशार आहेत की ती नावावरूनच टूल ओळखतात. मग लांब वर्णन लिहायचं कोणासाठी, ते लेखकालाच ठाऊक.

दुसऱ्या नियमावर माझा खरा राग आहे, कारण त्याने मी स्वतः पोळलोय. आमच्या एका टूलचं वर्णन होतं, 'दिलेल्या तारखेआधीच्या नोंदी काढतो.' परीक्षक मॉडेलने नऊ गुण दिले: स्पष्ट, नेमकं, सुटसुटीत. मग एजंटला सांगितलं, मार्चआधीच्या नोंदी दाखव. त्याने हेच टूल उचललं आणि नोंदी पुसून मोकळा झाला. 'काढणे' म्हणजे बाहेर काढून दाखवणे, तसंच काढून टाकणेही. टेस्टचा डेटा होता म्हणून निभावलं. परीक्षकाची चूक म्हणावी तर त्याच्यासमोर एकच वाक्य होतं. शेजारी 'नोंदी शोधतो' असं दुसरं टूल आहे आणि दोघांतून एक निवडायचंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५मध्ये टूल कशी लिहावीत यावर एक लेख प्रसिद्ध केला. त्यातलं एक उदाहरण हा गुणांचा नियम खोडून काढायला पुरेसं आहे. क्लॉडचं वेब सर्चचं टूल आलं तेव्हा मॉडेल शोधशब्दांना विनाकारण २०२५ जोडत होतं, त्यामुळे निकाल बिघडत होते. वर्णन सुधारून ते ताळ्यावर आणलं. आता सांगा, नुसतं वर्णन वाचून हा दोष कुणाला सापडला असता? तो एजंट काम करताना काय पाठवतो ते पाहिलं तरच दिसतो.

म्हणून टेस्ट. खऱ्या कामांतून पंचवीस-तीस प्रश्न घ्या, त्यांत काही असे हवेत की टूलला हातच लावायचा नाही. प्रत्येक प्रश्न चार-पाचदा चालवा, कारण उत्तर दरवेळी सारखं येत नाही. योग्य टूल निवडलं का, पॅरामीटर (म्हणजे टूलला द्यायची तारीख वगैरे माहिती) बरोबर भरले का, टूल विनाकारण किती वेळा वापरलं, हे मोजा. मग वर्णनातली एकच ओळ बदला आणि पुन्हा चालवा. काही प्रश्न बाजूला झाकून ठेवा, नाहीतर वर्णन फक्त तेवढ्याच प्रश्नांपुरतं घोटलं जातं. कंटाळवाणं आहे, कबूल.

मॉडेलकडून वाचून घेणं अगदीच वाया जात नाही, हेही नाइलाजाने मान्य करतो. तारीख कोणत्या स्वरूपात हवी, रक्कम कोणत्या एककात, अशा राहून गेलेल्या गोष्टी ते पकडतं. मुद्रितशोधनाइतका त्याचा उपयोग. लांबीचंही तसंच: बहुतेक वर्णनं खरोखरच तोकडी असतात, तीन-चार वाक्यं तरी हवीतच. पण पानभर लिहाल तर ते प्रत्येक संभाषणात टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खात बसतं.

'आधी हेच वापरा' हा नियम मात्र घातक आहे. पाच टूलांनी हेच लिहिलं तर एजंटने काय करायचं? शिवाय वर्णन मॉडेल वाचतं, वापरणाऱ्याला ते सहसा दिसतही नाही. याच फटीतून इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय-सुरक्षा कंपनीने एप्रिल २०२५मध्ये 'टूल पॉयझनिंग' करून दाखवलं: वर्णनात लपवलेल्या सूचना वाचून एजंट खाजगी फायली बाहेर पाठवतो. अशी हुकूमशाही वाक्यं सगळीकडे रुळली की लबाड वाक्य ओळखायचं कसं?

नावावरून ओळखण्याबद्दल वेगळं काय लिहू? अख्खं वाक्य असूनही 'काढणे'ने काय घोळ केला ते वर आहेच, नुसत्या नावाचं काय.

आमचं वर्णन आता असं आहे: 'नोंदी कायमच्या पुसतो, परत मिळत नाहीत. फक्त पाहायच्या असतील तर नोंदी शोधण्याचं टूल वापरा.' त्यानंतरच्या एकाही फेरीत नोंदी पुसल्या गेल्या नाहीत. भावाच्या समाधानासाठी हेच वर्णन त्या परीक्षक मॉडेललाही दाखवलं. आठ मिळाले. एक गुण 'अनावश्यक इशाऱ्या'साठी कापला.