बंड्याचा स्क्रीनशॉट

रात्री आठनंतर फडके रोडवरच्या त्या सहकारी बँकेचं शटर खाली आलं की पायऱ्या आमच्या. मध्ये बँकेने तिथे टोकदार सळ्या ठोकल्या होत्या, नंदूने पुठ्ठा टाकून त्यावरही बसून दाखवलं. डोंबिवलीकराला बसायला जागा मिळाली की तो ती सोडत नाही.

परवा बंड्याचा मोबाइल आधी आला, बंड्या मागून. स्क्रीनवर हिरवा आकडा : ११,४००.

"दीड तासात. निफ्टीचा कॉल."

"आम्हाला दीड तासात फक्त बायकोचे कॉल येतात," प्रध्या म्हणाला.

बंड्या ऑप्शन, म्हणजे शेअर बाजार वर जाईल की खाली यावरचे सौदे, शिकल्यापासून माणसात राहिलेला नाही. टीशर्टवर बैल, एका कानात कायम इअरफोन. चहात साखर किती विचारलं तर "व्होलॅटिलिटी बघून सांगतो" म्हणतो. पूर्वी एक्स्पायरी, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी होती तेव्हा दत्ताचा गुरुवार धरायचा. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी गेली, तेव्हापासून गणपतीचा मंगळवार धरतो.

"सेबीचं, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्यांचं, ते वाचलंस ना? असे सौदे करणारे ९१ टक्के लोक तोट्यात," मी विचारलं.

"ते ९१ टक्के लोक डिसिप्लिन नसलेले."

नंदूने भजी खाली ठेवली. नंदू रेल्वेत बुकिंग क्लार्क. तो भजी खाली ठेवतो तेव्हा समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही.

"चौथ्या सीटवर अर्धा लटकलेला प्रत्येक जण समजतो, पुढच्या स्टेशनला आपल्याला खिडकी मिळणार. २०२१-२२ पासून तीन वर्षांत शंभरातले ९३ बुडाले. पुढच्या वर्षी ९१."

"म्हणजे सुधारतोय की!"

"सुधारलेल्या वर्षात १ लाख ५ हजार कोटींना बुडाले. बिघडले असते तर काय झालं असतं?"

"आणि हा ओपनिंग-क्लोजिंग, ओपनिंग-क्लोजिंग करत असतो," प्रध्या म्हणाला. "आमचे काका हेच शब्द वापरायचे. आकडा लावायचे."

"कल्याण जवळच आहे," मी म्हटलं.

त्यावर दहा मिनिटं गेली, कारण नंदूला चूक सहन होत नाही. कल्याण मटक्याचा कल्याणशी संबंध नाही, ते नाव कल्याणजी भगतचं. आणि मुळात आकडा लागायचा तो न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या ओपनिंग आणि क्लोजिंग भावावर. "म्हणजे तोही मार्केटवरच होता, बंड्या. फरक एवढाच, की मटका लावणाऱ्याला आपण मटका लावतोय हे माहीत असायचं."

बंड्या म्हणाला, एफडीवाल्यांना रिस्क कळत नाही. हे कुणाला होतं ते कळेना, कारण कट्ट्यावर एफडीवाला कुणीच नव्हता. नंदूची पीपीएफ आणि दरमहा एक इंडेक्स फंड, बास. गेली पंधरा वर्षं तेच. शर्टही तेच.

"स्क्रीनशॉट ठेव," नंदू म्हणाला. "वर्षाचा पी अँड एल उघड. सगळा नफा-तोटा."

"तो ॲपमध्ये फार आत असतो रे."

"का बरं आत ठेवला असेल?"

सापडला. नंदूने चष्मा कपाळावर चढवला आणि तिकीट खिडकीवर पाचशेची नोट पारखतो तसा मोबाइल दिव्याकडे धरला. सौद्यांत तोटा ८७,३००. त्याखाली बारीक अक्षरात दलाली, एसटीटी, जीएसटी वगैरे मिळून ४१,२००.

"हे काय?"

"चार्जेस. घेताना वीस, विकताना वीस. ते किरकोळ असतं."

"दिवसाला किती वेळा किरकोळ?"

बंड्या गप्प. मग म्हणाला, यात आजचे अकरा हजार चारशे धरलेले नाहीत. आम्ही धरले. तरी सव्वा लाखाच्या आसपासचा खड्डा एक लाख सतरा हजारांचा झाला, एवढंच.

प्रध्या फार मोठ्याने हसला, ते त्याला महागात पडलं. कारण प्रध्या विम्याचा एजंट आणि माझी वीस वर्षांची पॉलिसी मागच्याच महिन्यात पिकली. वर्षाला पन्नास हजार भरले, हातात १८ लाख ४० हजार आले. मी पेढे वाटले होते. नंदूने पेढा खाल्ला आणि पेढ्याच्याच कागदावर हिशोब मांडला : साडेपाच टक्के. पीपीएफ आजच्या ७.१ टक्क्यांनी धरली तरी बावीस लाखांवर जाते. मधली बरीच वर्षं तर ती आठ आणि वर होती.

"विमा पण होता ना त्यात," प्रध्या.

"दहा लाखांचा! मी गेलो असतो तर बायकोने दहा लाखांत काय, तुझं ऑफिस विकत घेतलं असतं?"

"एका कढईत भजी आणि जिलबी तळली," नंदू म्हणाला. "भजी गोड, जिलबी तिखट."

"आणि पहिल्या हप्त्यातला पाव हिस्सा तरी कमिशन," मी म्हटलं. "त्याच वर्षी तू स्प्लेंडर घेतलीस. तिचं पुढचं चाक माझं आहे."

"घेऊन जा. पंक्चर आहे."

हे सगळं मी फार शहाणपणाने लिहितोय, पण मार्च २०२०मध्ये सेन्सेक्स सव्वीस हजारांखाली आला तेव्हा एसआयपी बंद करणारा मीच होतो. टीव्हीवर सगळं लाल, खाली रस्त्यावर कुत्रंही नाही, मला वाटलं आता जगच संपतंय तर निदान हप्ता तरी वाचवू. दहा महिन्यांत सेन्सेक्स पन्नास हजारांवर. नंदूला एकदा विचारलं होतं, तेव्हा तू कसा काय शांत राहिलास?

"पासवर्ड विसरलो होतो," तो म्हणाला. "आणि रीसेट करायला जो नंबर दिला होता तो बायकोचा. तिला विचारायची हिंमत नव्हती."

बंड्याने हे ऐकून मान डोलवली आणि म्हणाला, त्याच्या टेलिग्रामवरच्या सरांचंही हेच म्हणणं आहे, पेशन्स हवा. सर महिन्याला तीन हजार घेतात. नंदूने विचारलं, सरांचा पी अँड एल पाहिलास का? नाही पाहिला. सरांची गाडी पाहिली.

"कुठली?"

"ऑडी."

"तिचं पुढचं चाक तुझं," प्रध्या म्हणाला. आता त्याला जरा बरं वाटलं.

इतक्यात बंड्याचा फोन वाजला. वहिनी. बंड्याने इअरफोन काढला, घसा साफ केला आणि एकदम कारकुनी आवाजात म्हणाला, "हो, बँकेत आहे. जरा व्यवहाराचं काम चाललंय."

आम्ही तोंडावर हात दाबून बसलो. पलीकडून काहीतरी आलं. बंड्याने फोन छातीशी धरला.

"ती विचारतेय, रात्री साडेनऊला कुठली बँक उघडी असते?"

"सांग, शटर बंद आहे," नंदू म्हणाला, "पण आत बसलेले बाहेर येऊ देत नाहीत."