कैदी हलवता तेव्हा त्यांच्या गोळ्या कोण हलवतं?

पोस्ट मोठी आहे, पण जमलं तर पूर्ण वाचा. मी नाशिकरोडची, जेलरोडला एका मेडिकलवर गेली ११ वर्षं काम करते. आमच्याकडे जेल म्हणजे रोजचंच, रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही जेलरोडच म्हणायचं, गणपतीच्या आधी कैद्यांनी बनवलेल्या मूर्ती बघायला आम्ही दरवर्षी जातो, मुलाकातीला लांबून आलेल्या बायका पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या दिसतात. तरी आतला माणूस आजारी पडला की पुढे काय होतं हे मला माझ्या मावसभावावर वेळ आली तेव्हाच कळलं.

तो दुसऱ्या जिल्ह्यात कच्चा कैदी म्हणून आत होता. गावाचं आणि जेलचं नाव लिहीत नाही. मारामारीची केस. आत असतानाच टीबी निघाला. तिथल्या डॉक्टरांनी खरंच नीट लक्ष दिलं, थुंकी तपासली, गोळ्या चालू केल्या, रोज सकाळी समोर उभं करून गिळायला लावायचे. दीड महिन्यात खोकला बसला, वजन दोन किलो वाढलं, मावशी जरा जेवायला लागली. आणि मग ते जुनं जेल बंद करायचं ठरलं. छत गळत होतं, भिंतींना तडे होते, बंद करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एका रविवारी पहाटे सगळ्यांना गाड्यांत बसवलं आणि वेगवेगळ्या जेलला वर्ग केलं. सोबत वॉरंट गेलं, जमा पैशांचा हिशोब गेला. टीबीचं कार्ड आणि गोळ्या मात्र जुन्या जेलच्या दवाखान्यात कपाटातच राहिल्या.

त्याला स्वतःला कसं जाणवलं माहितीये का, टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं त्याने लघवी नारिंगी होते, सुरुवातीला तो घाबरला होता तेव्हा मीच मावशीकडून निरोप पाठवला होता की घाबरू नको, रंग आहे म्हणजे औषध पोटात जातंय. तर नव्या जेलला पहिल्या मुलाकातीत तो मावशीला म्हणाला, "आई, ताईला सांग, रंग गेला." मावशीला काही समजलं नाही, तिने रात्री फोनवर सहज सांगितलं आणि माझ्या पोटात धस्स झालं.

११ दिवस त्याच्या पोटात एक गोळी गेली नव्हती. तिथे म्हणाले आमच्याकडे नोंद नाही, पुन्हा तपासावं लागेल, सिव्हिलला न्यायला गार्ड मिळाला की नेऊ. गार्ड काही मिळेना. बाहेरून औषध घेऊन गेलो तर गेटवर घेतलं नाही, आणि तो नियम बरोबरच आहे, कोण काय आत पाठवेल सांगता येत नाही. शेवटी मी एका चिठ्ठीवर त्याचा निक्षयचा नंबर (सरकारच्या टीबीच्या ऑनलाइन नोंदणीतला), कुठल्या गोळ्या, रोज किती, वजन, चालू केल्याची तारीख असं सगळं लिहिलं, वकिलांनी त्याच्यावर अर्ज केला, तिथल्या मेडिकल ऑफिसरनी तो नंबर टाकून बघितला आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या चालू. म्हणजे माहिती कॉम्प्युटरवर होतीच हो! फक्त माणसासोबत नंबर गेला नव्हता. टीबीच्या गोळ्या मध्येच सुटल्या की जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, मग सहा महिन्यांत बरा होणारा आजार कितीतरी लांबतो, आणि एकेका बराकीत किती माणसं झोपतात ते सगळ्यांना माहितीये.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. १८९४ च्या कारागृह कायद्यात कलम २६ आहे, कैद्याला दुसऱ्या जेलला हलवायच्या आधी मेडिकल ऑफिसरनी तपासायचं आणि हलवायला हरकत नाही असं लिहून दिल्याशिवाय हलवायचं नाही. इंग्रजांच्या काळात हे लिहून ठेवलंय! संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम तर स्पष्टच म्हणतात की कैदी दुसरीकडे गेला की त्याची वैद्यकीय फाईल तिकडच्या दवाखान्याकडे गेली पाहिजे.

जुनी जेलं बंद होतायत आणि होत राहणार. वारंगळचं सेंट्रल जेल २०२१ ला पाडलं, तिथे मोठं हॉस्पिटल बांधायला. कोलकात्याचं अलीपूर जेल आता म्युझियम आहे. बेंगळुरूच्या जुन्या जेलचं फ्रीडम पार्क झालं, मी बघून आलेय, टेहळणीचा मनोरा अजून तसाच आहे. जागेचं काय होणार यावर सगळे बोलतात. पण त्या शेवटच्या आठवड्यात इन्सुलिनवरचे किती होते, ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं मग गाडीत कशात ठेवलं, फिटच्या गोळ्या, डोक्याच्या औषधांवरचे, एचआयव्हीची औषधं (एआरटी) चालू असलेले, यांना वाटेत आणि पोचल्यावर पहिल्या रात्री डोस कोणी दिला, हे कोणीच विचारत नाही. फिटची गोळी एक-दोन दिवस चुकली तरी माणूस झटका येऊन पडू शकतो, हे मी काउंटरवर रोज लोकांना सांगते.

आपलं नाशिकरोडचं जेलही जुनंच, १९३२-३३ ला स्वातंत्र्यलढ्यातले जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन इथेच कैदेत होते. आज ना उद्या इथेही हलवाहलव होईल, निदान बराकी दुरुस्तीला काढतील. इथून सिव्हिल त्र्यंबक रोडला, मध्ये द्वारकेचं ट्रॅफिक, आणि सोबत गार्ड लागतोच. २०२७ च्या सिंहस्थात सगळे पोलीस बंदोबस्तावर असतील तेव्हा आजारी कैद्याला गार्ड कुठून देणार हे आत्ताच ठरवायला नको का? माझं म्हणणं एवढंच आहे की जेल रिकामं करायची तारीख डॉक्टरला विचारून ठरवा. आधी औषधांवरच्या माणसांची यादी करा, ती पुढच्या जेलच्या डॉक्टरकडे आठवडाभर आधी पोचू द्या, प्रत्येकासोबत निदान १५ दिवसांच्या गोळ्या आणि कार्ड त्याच गाडीत जाऊ द्या, गंभीर असेल त्याला सगळ्यात शेवटी, अॅम्ब्युलन्समधून हलवा. याला खर्च तरी किती येणार आहे.

"गुन्हेगारांचे कसले लाड" असं कोणीतरी लिहिणारच, आमच्या घरात पण एक काका म्हणाले. काका, देशातल्या जेलमध्ये चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, त्यांच्यावर अजून काही सिद्ध झालेलं नाही. आणि ज्याच्यावर झालंय त्यालाही कोर्टाने कैद दिलीय, टीबी नाही दिला. मला याचा राग येतो आणि तो जात नाही.

भावाचा कोर्स लांबला पण पूर्ण झाला, शेवटची थुंकी निगेटिव्ह आली. आता तो जामिनावर आहे, तारखेला जातो येतो. ती चिठ्ठी वकिलांकडून परत मागून घेतली त्याने, घडी करून पाकिटात ठेवलीय. मी म्हटलं फेक आता, बरा झालास ना. तर म्हणाला, "राहू दे ताई, केस संपली नाहीये अजून."